गुडघ्यातील कूर्चापेशी रोपण : परळमधील एका रुग्णालयाच्या सेवेविषयी अभिप्राय

परळ भागातील एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात, अस्थिरोग विभागाच्या एकाच बाह्यरुग्ण कक्षात, आमच्या घरातील दोन माणसांचे गुडघे तपासले गेले. तिशीतल्या धाकट्या भावाला स्वतःच्याच कूर्चापेशी (सांध्यातील हाडांवरच्या गुळगुळीत थरातील पेशी) वाढवून त्यांचे रोपण करण्याची शस्त्रक्रिया सुचवण्यात आली आणि ती यथावकाश पार पडली. साठी ओलांडलेल्या आईने मात्र स्वतःहून विचारले, पैशांची तयारीही दाखवली, तरी तिला तोच उपचार स्पष्ट शब्दांत नाकारण्यात आला. भावाच्या शस्त्रक्रियेला आता दीड वर्ष होऊन गेले आहे, त्यामुळे घाईने मत बनवल्याचा दोष माझ्याकडे येऊ नये. ही सेवा चांगली आहे असे मी म्हणते, ते भावाचा गुडघा सुधारला एवढ्यावरून नव्हे; आईला नकार देणाऱ्या डॉक्टरांनीच भावाला होकार दिला, म्हणून त्या होकारावर विसंबता आले.

रुग्णालयाचे नाव मी जाणीवपूर्वक लिहीत नाही. पुढे काही तक्रारीही येणार आहेत, आणि शिवाय अशी शस्त्रक्रिया मुंबईत एकाहून अधिक ठिकाणी होते. ज्या गोष्टींवरून मी या विभागाची पारख केली, त्याच गोष्टी वाचकांना दुसऱ्या कोणत्याही रुग्णालयात तपासून पाहता येतील.

उपचार नेमका कशावर आहे, हे आधी सांगणे आवश्यक आहे. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांचे जे भाग एकमेकांवर टेकतात, त्यांच्यावर काही मिलिमीटर जाडीचा पांढरा, गुळगुळीत थर असतो, तीच कूर्चा; बोलताना तिलाच गुडघ्याची गादी म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात, आणि तिची देखभाल करणाऱ्या पेशी तिच्या एकूण आकारमानाच्या जेमतेम काही टक्के भरतात. रक्तपुरवठाच नसल्यामुळे कातडीवरची जखम जशी भरून येते तशी ही भरत नाही, आणि मज्जातंतू नसल्यामुळे इजा झाल्यावर सुरुवातीला फारसे दुखतही नाही. दुखू लागते तेव्हा खालचे हाड बहुधा उघडे पडलेले असते. कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पूर्ववत होत नाही, अशी नोंद विल्यम हंटर या शल्यविशारदाने १७४३ सालीच करून ठेवली होती, आणि पुढची दोन शतके वैद्यकाला तिच्यावर फारसे उत्तर सापडले नव्हते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली पहिल्यांदा रुग्णाच्याच गुडघ्यातील निरोगी कूर्चेचा लहानसा तुकडा काढून, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्या खराब झालेल्या जागी सोडल्या. पहिल्या २३ रुग्णांचे निष्कर्ष त्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. मांडीच्या हाडाच्या टोकावर रोपण झालेल्या १६ जणांपैकी १४ जणांचा गुडघा चांगला किंवा उत्तम झाला होता. वाटीच्या मागच्या बाजूला रोपण झालेल्या ७ जणांपैकी मात्र केवळ २ जणांना तसा गुण आला होता. तंत्र त्यानंतर बरेच पुढे गेले आहे, परंतु इजा सांध्यात नेमकी कुठे आहे यावर बरेच काही अवलंबून असते, हे त्या पहिल्या आकड्यांतही दिसते. अमेरिकेत या पद्धतीच्या उत्पादनाला १९९७ साली मान्यता मिळाली. आपल्याकडे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०१७ साली अशा उत्पादनाला मान्यता दिली आणि ती मिळवणारी रीग्रो बायोसायन्सेस ही कंपनी मुंबईचीच आहे, याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान वाटतो.

भाऊ व्यावसायिक गटातून कबड्डी खेळत असे. एका सामन्यात घोटा पकडला गेलेला असताना त्याने अंग मध्यरेषेकडे झोकले, पाय जागीच राहिला आणि गुडघा पिळवटला. सूज आठवड्याभरात उतरली, तो कामावर जाऊ लागला, आणि मग काही महिन्यांनी जिना उतरताना गुडघा अडकू लागला. उपनगरातील एका रुग्णालयात एमआरआय पाहून सांगण्यात आले की, दुर्बिणीतून हाडाला बारीक भोके पाडू, त्यातून रक्त आणि मज्जा वर येईल, खड्डा आपोआप भरेल, दोन दिवसांत घरी. ही मायक्रोफ्रॅक्चरची पद्धत जुनी, स्वस्त आणि लहान इजेसाठी योग्य आहे. मात्र तिने जो थर तयार होतो तो मूळच्या कूर्चेसारखा नसून बराचसा तंतुमय असतो, आणि इजा मोठी असेल तर तो काही वर्षांत झिजू शकतो. भावाची इजा जवळपास चार चौरस सेंटिमीटरची होती. तिथे हा आकार कोणी उच्चारलाही नाही. दुसरे मत घ्यावे म्हणून आम्ही परळला आलो.

परळच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म प्रकाशपेटीवर लावली आणि अहवालाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने मांडीच्या हाडाचे टोक काढून इजेची लांबी व रुंदी लिहिली. त्यानंतर त्यांनी अशी एक तपासणी सांगितली जी आधी कुणीही सांगितली नव्हती : खुब्यापासून घोट्यापर्यंत संपूर्ण पायाचा, उभ्याने काढलेला एक्स-रे. पाय धनुष्यासारखा बाहेरच्या बाजूला वाकलेला असेल तर शरीराचा भार गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावरच पडत राहतो, आणि अशा पायात रोपण केलेला नवा थर टिकत नाही. आधी किंवा त्याच वेळी हाडाचा कोन सुधारावा लागतो. लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) सैल असेल, मेनिस्कस (दोन हाडांमधली अर्धचंद्राकृती चकती) गेला असेल, तर त्यांचाही बंदोबस्त आधी व्हायला हवा. भावाचा पाय सरळ निघाला, लिगामेंट घट्ट होते. एवढे पाहून झाल्यावरच ‘पेशी’ हा शब्द खोलीत पहिल्यांदा उच्चारला गेला. कोणत्याही रुग्णालयात हा क्रम उलटा दिसला, म्हणजे पायाचा कोन मोजण्याआधीच पेशींची किंमत सांगितली गेली, तर वाचकांनी तिथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भावाने विचारले की, आधी ते स्वस्तातले करून पाहू आणि नाही जमले तर हे करू, असे का नको? डॉक्टरांचे उत्तर मी त्याच दिवशी वहीत उतरवून घेतले होते. हाडाला एकदा भोके पाडली की खालच्या हाडाची घडण बदलते, आणि त्यानंतर केलेले पेशीरोपण अपयशी ठरण्याची शक्यता जवळपास तिप्पट होते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आढळले आहे. ‘म्हणून पहिला निर्णय जपून घ्यायचा,’ असे ते म्हणाले. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०१७ साली तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी जी शिफारस केली तीही याच दिशेची आहे : इजा दोन चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी असावी, संधिवाताची झीज अगदी कमी असावी, आणि त्या जागी कूर्चा दुरुस्तीची शस्त्रक्रिया आधी झालेली नसावी.

याचा अर्थ डॉक्टरांनी आम्हाला उपचार गळी उतरवला असा मुळीच नाही. उलट, विरोधातला पुरावा त्यांनीच पुढे ठेवला. नॉर्वेत ८० रुग्णांवर पेशीरोपण आणि मायक्रोफ्रॅक्चर यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले तेव्हा दोन वर्षांनंतरच्या तपासणीत पेशीरोपण सरस ठरले नव्हते, आणि पुढे अनेक वर्षे पाठपुरावा करूनही पेशीरोपणाचे पारडे जड झालेले दिसले नाही. त्यानंतर पातळ पडद्यावर पेशी बसवण्याच्या नव्या पद्धतीची युरोपात १४४ रुग्णांवर चाचणी झाली, तीत तीन चौरस सेंटिमीटर व त्याहून मोठ्या इजाच घेतल्या होत्या, आणि तिथे दोन वर्षांनी वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत पेशीरोपण सरस ठरले. दोन्ही गोष्टी सांगून ते म्हणाले की, तुझी इजा मोठी आहे, वय कमी आहे, पाय सरळ आहे, म्हणून मी हे सुचवतो आहे. पुन्हा कबड्डी खेळशीलच, असे मात्र मी लिहून देणार नाही. रुग्णाला एवढे समजावून सांगण्यासाठी बाह्यरुग्ण कक्षात वेळ काढणे मुंबईत दुर्मीळ आहे, आणि त्याचे श्रेय मी पूर्ण मनाने देते.

प्रत्यक्ष उपचाराचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दुर्बिणीतून गुडघा आतून पाहिला जातो आणि ज्या भागावर भार येत नाही तिथून कूर्चेच्या काही बारीक चकत्या काढल्या जातात. वजन दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. त्या चकत्या गुलाबी द्रवाने भरलेल्या लहान कुपीत घालून, थंड पेटीतून प्रयोगशाळेकडे जातात. त्याआधी एचआयव्ही, कावीळ ब व क आणि सिफिलिस यांसाठी रक्त तपासले जाते. प्रयोगशाळेत विकराच्या साहाय्याने कूर्चेचे जाळे विरघळवून पेशी मोकळ्या करतात आणि सुमारे चार आठवडे त्या वाढवतात. पेशी हव्या तितक्या वाढवत नेता येतात, अशी माझी समजूत होती. तशी सोय नसते. सपाट भांड्यात त्या अनेक पिढ्या वाढल्या तर आपला मूळ गुणधर्म हळूहळू हरवतात आणि तंतुमय ऊती बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. म्हणून संख्या आणि गुण यांचा मेळ घालणे हेच प्रयोगशाळेचे खरे कौशल्य, आणि म्हणूनच प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, प्रत्येक तुकडीचा गुणवत्ता अहवाल मिळतो का, हे रुग्णाने विचारलेच पाहिजे. आम्हाला तो अहवाल न मागता मिळाला : जिवंत पेशींचे प्रमाण, जंतुसंसर्ग नसल्याचा निर्वाळा, तयार झाल्याची आणि वापराची मुदत संपण्याची वेळ.

येथे एक प्रश्न मी आग्रहाने विचारला, तो इतरांनीही विचारावा. पेशी वाढल्याच नाहीत, किंवा वाढताना संसर्ग झाला, तर पुढे काय आणि त्याचा खर्च कोणाचा? संमतिपत्रात या शक्यतेचा उल्लेख एका ओळीत होता. खर्चाविषयी काहीच नव्हते. विभागाच्या समन्वयक बाईंनी वरिष्ठांशी बोलून, तसे झाल्यास पेशी पुन्हा वाढवण्याचे शुल्क घेतले जाणार नाही, असे रुग्णालयाच्या कागदावर शिक्क्यासह लिहून दिले. ती वेळ आली नाही. तरीही हे कलम छापील संमतिपत्रातच असायला हवे.

दुसऱ्या टप्प्याआधी समन्वयक बाईंनी एक छापील प्रश्नावली भरून घेतली, आणि ती मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटली. घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का? शौचालय भारतीय पद्धतीचे की कमोडचे, घरात की गॅलरीच्या टोकाला? पलंगाची उंची किती? दिवसभर सोबत कोण असेल? आमचे घर लालबागच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आहे. ‘अहो ताई, या जिन्यावर कुबड्या घेऊन त्याला चढवू-उतरवू नका, पहिले दोन महिने दुसरीकडे सोय होते का पाहा,’ असे त्यांनी सांगितले, आणि सोय होईपर्यंत शस्त्रक्रियेची तारीख दिली नाही. मुलुंडच्या मावशीने आपली पुढची खोली रिकामी करून दिली. पेशींची मुदत फार थोडी असते, त्या तयार झाल्यावर तारीख पुढे ढकलता येत नाही. त्यामुळे या गोष्टी पेशी वाढत असतानाच निकाली काढणे किती आवश्यक आहे, हे नंतर लक्षात आले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पेशींची पेटी आली तेव्हा परिचारिका आणि प्रयोगशाळेचा प्रतिनिधी यांनी भावाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि कोणता गुडघा हे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवले, मग भावाकडूनही वदवून घेतले, आणि मगच कागदावर सह्या केल्या. आत काय झाले ते डॉक्टरांनी नंतर सांगितले. इजेच्या कडेची सैल, भुसभुशीत कूर्चा काढून निरोगी कडा उभी केली. खालच्या हाडातून रक्त येऊ दिले नाही. पेशी फायब्रिनच्या (रक्त गोठताना तयार होणाऱ्या चिकट प्रथिनाच्या) द्रवात मिसळून त्या खळग्यात सोडल्या. काही मिनिटांत तो द्रव घट्ट झाल्यावर गुडघा अनेकदा वाकवून, थर हलत नाही याची खात्री केली आणि मगच टाके घातले.

यापुढचा भाग हा या उपचाराचा गाभा आहे, आणि याच भागाबद्दल रुग्णांना सर्वांत कमी सांगितले जाते. नव्या थराला पोसणारे रक्त नसते. सांध्यातील द्रव हालचालीमुळे आत-बाहेर होतो, त्यावरच त्या पेशी जगतात. म्हणून गुडघा हलला पाहिजे, परंतु त्यावर भार येता कामा नये. पहिल्या दिवसापासून पाय एका यंत्रावर ठेवला जातो, जे तो संथपणे वाकवते आणि सरळ करते. ते रोज कित्येक तास चालवावे लागते. सुमारे सहा आठवडे कुबड्या, पाय केवळ टेकवण्यापुरता. भार किती टाकायचा हे शिकवण्यासाठी फिजिओथेरपिस्ट बाईंनी वजनाचा साधा काटा आणला. शस्त्रक्रिया झालेला पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या फळीवर. काटा दहा किलोच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. भाऊ डोळे मिटून पाय ठेवी, मग काटा पाही, आणि बाई त्याला पुन्हा डोळे मिटायला लावीत. काही दिवसांनी त्याच्या पायाला दहा किलो म्हणजे किती, हे काट्याशिवाय कळू लागले. मग पंधरा, मग वीस. मांडीचा स्नायू दरम्यानच्या काळात इतका आटला होता की दोन्ही पाय शेजारी ठेवल्यावर ते एकाच माणसाचे वाटत नव्हते. तिसऱ्या महिन्यात तो कुबड्यांशिवाय चालू लागला, त्यानंतर स्थिर सायकल, आणि वर्ष उलटायच्या सुमारास हलके धावणे.

या फिजिओथेरपिस्ट बाईंविषयी कितीही लिहिले तरी ते कमीच होईल. तिसऱ्या महिन्यात दुखणे थांबते आणि नेमकी तेव्हाच रुग्णाला घाई सुटते. नवा थर मात्र पक्व व्हायला वर्ष ते दीड वर्ष घेतो. भावाने एकदा मैदानावर जाऊन नुसते उभे राहण्याची परवानगी मागितली. ‘उभा राहशील, मग कुणीतरी हाक मारेल आणि तू पाय टाकशील. अजून नको,’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्याने ते ऐकले. शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी हा काळ सांभाळणारे माणूस जिथे नाही, तिथे हा उपचार घेऊ नये.

आता आईविषयी. भावाच्या पहिल्या तपासणीच्या वेळी ती सोबत होती. सगळे ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “डॉक्टर, माझ्याही गादीचं असंच काही करा ना. माझे दोन्ही गुडघे गेलेत.” डॉक्टरांनी तिचा नवा एक्स-रे काढायला लावला, तोही उभ्यानेच, आणि तो पाहून शांतपणे म्हणाले, “काकू, घरातली एक लादी निघाली असेल तर मी ती बसवून देईन. तुमची सगळी जमीनच खचली आहे. त्यात मी नवी लादी बसवली तर ती महिन्याभरात उखडेल, आणि तुमचे पैसे घेतल्याचं पाप मला लागेल.” आईला वाईट वाटले, हे खरे. परंतु त्यामागचे कारण त्यांनी टाळले नाही : संधिवातात इजा एका जागी नसते, समोरासमोरचे दोन्ही पृष्ठभाग झिजलेले असतात, खालचे हाड बदललेले असते आणि सांध्यात सतत दाह चालू असतो; अशा वातावरणात नव्या पेशी तग धरत नाहीत. तिला वजन कमी करणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, गरजेपुरते वेदनाशामक, आणि पुढे त्रास असह्य झाला तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया, एवढे सांगण्यात आले.

हा नकार मला मोलाचा का वाटला, हे मुंबईत राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. वर्तमानपत्राच्या घडीतून येणारी पत्रके आणि मोबाइलवरच्या जाहिराती ‘शस्त्रक्रियेविना गादी पुन्हा वाढवा’ असे सांगून स्टेमसेलच्या इंजेक्शनांचे सवलतीचे दर छापतात. आईच्या भजनी मंडळातील एका बाईंनी अशी इंजेक्शने घेण्यासाठी मुदतठेव मोडली आणि त्या आजही भिंत धरूनच चालतात. स्टेमसेल म्हणजे कोणत्याही एका कामासाठी अजून न घडलेल्या मूळ पेशी; त्या आणि कूर्चापेशी एक नव्हेत. भावाला दिल्या त्या पूर्ण वाढ झालेल्या, त्याच्याच सांध्यातील, कूर्चा बनवणे हेच काम असलेल्या पेशी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, स्टेमसेलचा प्रस्थापित उपचार म्हणून वापर काही ठराविक, मुख्यतः रक्ताच्या आजारांपुरताच मान्य आहे. बाकीचा वापर रीतसर मान्यता मिळालेल्या चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेणे अपेक्षित नाही. घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन कोणत्याही ‘गादी वाढवणाऱ्या’ दवाखान्यात जाण्याआधी एवढे तरी माहीत असावे.

खर्चाचे सांगते. दोन्ही टप्पे, पेशी वाढवण्याचे शुल्क, भूल, औषधे आणि खोली मिळून आमचे बिल सहा लाखांच्या घरात गेले, आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा पेशींचा होता. सुरुवातीला दिलेल्या अंदाजपत्रकात गुडघ्याचा ब्रेस, हालचालीच्या यंत्राचे भाडे आणि पुढील अनेक महिन्यांची फिजिओथेरपी धरलेली नव्हती. ही रक्कम लहान नाही. फिजिओथेरपीशिवाय या शस्त्रक्रियेला अर्थ नसेल, तर तिचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी दिसायला हवा. ही माझी या विभागाविरुद्धची पहिली तक्रार.

विम्याचा अनुभव त्रासदायक होता. विमा कंपनीने कॅशलेस मंजुरी नाकारली. कारण दिले ‘स्टेमसेल, प्रायोगिक उपचार’. डॉक्टरांनी पत्र दिले की, या स्टेमसेल नव्हेत आणि या उत्पादनाला देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता आहे. तरी आधी रक्कम स्वतः भरून नंतर परतावा मागावा लागला. तोही अर्धवट आला. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे मान्यतेची प्रत, गुणवत्ता अहवाल आणि डॉक्टरांचे पत्र जोडून अर्ज केला, विमा लोकपालाकडे जाण्याची तयारी असल्याचे त्यात लिहिले, तेव्हा उरलेल्या रकमेपैकी बराचसा भाग मिळाला. समन्वयक बाईंनी प्रत्येक कागद वेळेवर दिला. तथापि पहिल्या अर्जातच उपचाराचे नाव नीट लिहिले असते, नुसते ‘सेल थेरपी’ लिहिले नसते, तर निम्मा त्रास वाचला असता. ही माझी दुसरी तक्रार.

तिसरी तक्रार साधी आहे. अस्थिरोगाच्या प्रतीक्षागृहात बसक्या, हात नसलेल्या खुर्च्या ठेवल्या आहेत. ताठ पाय घेऊन तिथे बसता येत नाही, आणि बसलेला माणूस उठू शकत नाही. गुडघ्यांच्या रुग्णांसाठी उंच, हाताच्या खुर्च्या ठेवायला फार मोठा निधी लागत नाही.

भावाच्या गुडघ्याची आजची स्थिती अशी आहे. वर्षानंतर काढलेल्या एमआरआयमध्ये खळगा काठोकाठ भरलेला दिसतो. नव्या थराची छटा शेजारच्या कूर्चेपेक्षा किंचित वेगळी आहे, आणि तो अजून पक्व होत आहे, असे अहवालात लिहिले आहे. गुडघा अडकत नाही, सुजत नाही. तो लालबागचे तिन्ही जिने चढतो, दादरच्या पुलावरच्या गर्दीतून सरळ चालत जातो. मांडी घालून बसता येते; उकिडवे बसणे तो अजून टाळतो. स्पर्धेत तो उतरलेला नाही. संध्याकाळी मैदानावर लहान मुलांना पाय टाकायला आणि पडताना गुडघा सांभाळायला शिकवतो. आई त्याच फिजिओथेरपिस्ट बाईंकडे व्यायाम करते, काठी घेऊन बाजारात जाऊन येते, आणि गुडघा बदलण्याचा विचार गणपतीनंतर करू म्हणते.

ज्यांचे वय पन्नाशीच्या आत आहे, इजा एका जागी आणि बऱ्यापैकी मोठी आहे, सांध्याचा बाकीचा भाग निरोगी आहे, आणि वर्षभर शिस्त पाळण्याइतकी घरची साथ आहे, त्यांनी या सेवेचा विचार अवश्य करावा. धूम्रपान करणाऱ्यांनी ते आधी थांबवावे, कारण त्याचा निकालावर वाईट परिणाम होतो. जाताना एमआरआयचा नुसता अहवाल नव्हे, तर फिल्म किंवा सीडी न्यावी, आणि आधी झालेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत असावीत.

एक अपेक्षा उरते. या विभागाने आजवर किती रुग्णांवर हे रोपण केले, त्यांपैकी किती जणांना पाच वर्षांनी गुण टिकला, किती जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली आणि किती जणांना सुरुवातीलाच नाही म्हटले, याची माहिती डॉक्टरांनी विचारल्यावर तोंडी दिली. छापील स्वरूपात ती कुठेही नाही. ज्या विभागाला नाही म्हणता येते, त्याने हे आकडे प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लावायला कचरू नये. तशी लेखी विनंती मी विश्वस्त मंडळाच्या कार्यालयात दिली असून तिची पोचही घेतली आहे. उत्तर आले की या अभिप्रायात ते जोडीन.